सतराचा पाढा म्हणत पळा: धावण्याचा कोच कशाला लागतो, कसा शोधायचा

पहिल्याच दिवशी सरांनी मला पळायला लावलं आणि पळता पळता सतराचा पाढा म्हणायला सांगितलं. भुसावळचं रेल्वे ग्राउंड, डिसेंबरातली पहाट, कडेला भरतीची आठ-दहा पोरं पाय ताणत बसलेली. त्यांच्यासमोर मी, ४६ वर्षांचा मालगाडीचा लोको पायलट, मोठ्यानं पाढे म्हणत फेऱ्या मारतोय. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न. चोकपर्यंत ठीक गेलं. पाचे पंच्याऐंशीला धाप लागली, सकला तोंडातून शब्दच फुटेना.

"पाढा विसरला का दम गेला?" सरांनी विचारलं.

"दम गेला."

"आणि रोज याच स्पीडनं पळता?"

रोज याच स्पीडनं पळायचो. दोन वर्षं. आणि त्या दोन वर्षांत दोनदा नडगी धरून घरी बसलो होतो.

आमच्याकडे कोच म्हटलं की लोक हसतात. यावल रोडला तापीचा पूल ओलांडला की केळीच्या बागा लागतात. तिथे ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवायला आलेले एक बाबा मला नेहमी भेटतात. आधी विचारायचे, "काबरं पयतो रे भो इतक्या सकायी? मांगे पोलिस लागले का?" मी कोच लावला हे कळल्यावर म्हणाले, "पयाले बी मास्तर लागतो का आता?" बाबांचं चुकत नाही. पळायला मास्तर लागत नाही. रोज, वर्षानुवर्षं, पाय न मोडता पळायचं असेल तर लागतो. दोन वर्षं समोर मास्तर नसताना आणि सव्वा वर्ष मास्तरासोबत पळून जे कळलं ते लिहितो. ज्यांना कोच लावायचा आहे आणि कुठून सुरुवात करावी कळत नाही, त्यांच्यासाठी.

माझं आधीचं थोडक्यात. रेल्वेत आम्हाला 'रनिंग स्टाफ' म्हणतात, बाहेरगावी आराम करतो ती जागा 'रनिंग रूम'. नावात एवढं रनिंग, आणि अंगाला मात्र खुर्ची. पीएमईला, म्हणजे आमच्या ठरावीक मुदतीच्या मेडिकलला, बीपी १४८/९४ निघालं. लोको पायलटला बीपी म्हणजे पोटावर पाय. दुसऱ्या दिवशी बूट घेतले आणि सुटलो. मोबाइलमधल्या ॲपनं रोज सांगावं, काल किलोमीटरला ६:२५ होता आज ६:२० कर, आणि मी करावं. तिसऱ्या महिन्यात नडगी गेली. सहा आठवडे घरी. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. मधे एक हाफ मॅरेथॉन केली, २१.१ किलोमीटर, २ तास ३१ मिनिटं. सोळाव्या किलोमीटरपासून चालत.

कोच पळवतो कमी, अडवतो जास्त

मला वाटलं होतं कोच शिट्टी घेऊन मागे लागेल. यांनी पहिले दोन महिने मला फक्त हळू केलं. किलोमीटरला सात मिनिटं चाळीस सेकंद. या वेगात सतराचा पाढा दहापर्यंत आरामात होतो, आणि हीच त्याची मोजपट्टी. पूर्ण वाक्य बोलता आलं तर वेग सोपा, तीन-चार शब्दांवर अडखळलं तर मध्यम, एकेक शब्द फेकावा लागला तर कठीण. घड्याळ नसेल तरी चालतं.

एवढं हळू का, हे त्यांनी मला माझ्याच भाषेत सांगितलं. दम लवकर वाढतो, हाडं मागून येतात. हृदय आणि फुफ्फुसं चार-सहा आठवड्यांत सरावतात, अंगात जोर आल्यासारखं वाटतं. पण नडगीचं हाड, टाचेवरचा जाड स्नायुबंध, तळपायाचे पट्टे यांना मजबूत व्हायला महिनोन्‌महिने लागतात. इंजिन तयार, रूळ कच्चे. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात नडगी जाते ती यामुळे, आणि ज्याची जाते त्याला वाटतं आपलं तर मस्त चाललं होतं. मला तसंच वाटलं होतं.

हळू पळण्यात वेळ वाया जातो असंही नाही. सोप्या वेगात स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात, शरीर चरबी जाळायला शिकतं, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकायला लागतं. न्यूझीलंडचे कोच आर्थर लिडियार्ड आपल्या ८०० मीटरवाल्यांनासुद्धा आठवड्याला १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर पळायला लावायचे. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या दोन शिष्यांनी एकाच दिवशी सोनं आणलं, पीटर स्नेलनं ८०० मीटरमध्ये आणि मरे हॅलबर्गनं ५००० मध्ये. सर ही गोष्ट भरतीच्या पोरांना दर महिन्याला सांगतात. पोरं ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्याच फेरीत फुंकून मोकळी होतात.

आमच्या धंद्यात कॉशन ऑर्डर असते. अमुक किलोमीटर ते तमुक किलोमीटर ३० चा वेग, लिहून हातात देतात. गाडी दोन तास लेट असो, तिथे ३० म्हणजे ३०. सरांचा सोपा दिवस मी तसाच पाळतो. त्या दिवशी कोणी शेजारून पुढे गेलं तरी जाऊ द्यायचं. लिहायला सोपं आहे, पण ४६ व्या वर्षी एखादी मुलगी गप्पा मारत आपल्याला ओलांडते तेव्हा जिवावर येतं.

आपली पाठ आपल्याला दिसत नाही

तिसऱ्या आठवड्यात सरांनी ग्राउंडवरच्या फक्कीच्या रेषेवरून मला पळवलं आणि मागून मोबाइलवर शूटिंग घेतलं. मग कठड्यावर बसून दाखवलं. माझा उजवा पाय दर पावलाला रेषा ओलांडून डावीकडे पडत होता, आणि डावा हात छातीसमोरून आडवा, जणू कोणाला वाट सोडा म्हणतोय. नडगी दोन्ही वेळा उजवीच गेली होती. दोन वर्षं मी बूट बदलत बसलो. साडेसात हजारांचे बूट घेतले. दोष पावलात होता.

शिवाय पाऊल फार पुढे पडायचं, गुडघा ताठ. मिनिटाला १५६ पावलं मोजली त्यांनी. १८० पाहिजेत असं मी कुठेतरी वाचलेलं, म्हणून लगेच विचारलं. ते म्हणाले, तो आकडा जॅक डॅनियल्स नावाच्या अमेरिकन कोचनं १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये धावपटूंची पावलं मोजून काढलेला. ती जगातली सगळ्यात वेगवान माणसं, तीही शर्यतीत. तुम्ही थोडी लहान पावलं टाका, १६५ च्या आसपास या, बस. तेवढ्यानंच पाऊल अंगाखाली यायला लागलं. जोडीला पायरीवर उभं राहून टाचा उचलणं, पंधराचे तीन सेट, एक दिवस आड. कंटाळवाणा प्रकार आहे, पण सव्वा वर्षात नडगीनं तोंड वर काढलेलं नाही.

ड्युटी आणि ऊन

सरांच्या आधी मी चार महिने एका ऑनलाइन कोचकडे होतो. नाव सांगत नाही, माणूस वाईट नव्हता. पण त्याचं वेळापत्रक वारांवर चालायचं. मंगळवारी वेगाचा सराव, रविवारी लांब पल्ला. माझा मंगळवार खंडव्याच्या रनिंग रूममध्ये झोपेत जातो आणि रविवारी पहाटे चारला ड्युटीचा कॉल येतो. शिवाय एप्रिलमध्ये त्यानं सकाळी सातला १८ किलोमीटर लिहिले. एप्रिलमध्ये, भुसावळला! सातला ऊन टाळूवर असतं इथे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. बाराव्या किलोमीटरला अंगावर काटा आला, तेही त्या उन्हात. नशीब, केळीच्या बागेत ठिबकाच्या टाकीखाली बसलो. बाबांनी डोक्यावर पाणी ओतलं आणि काही विचारलं नाही.

भर उन्हात अंगावर काटा, चक्कर, बोलण्यात गोंधळ, यातलं काहीही झालं की पळणं तिथेच बंद, सावली, डोक्या-मानेवर पाणी, आणि माणूस नीट उत्तर देत नसेल तर सरळ दवाखाना. आपल्या हवेत राहणारा कोच हे आधीच धरून चालतो. आमचे सर मार्चच्या शेवटी दोन आठवडे सगळ्यांचं पळणं कमी करतात, कारण उन्हाला सरावायला शरीराला दहा-चौदा दिवस लागतात. त्यानंतर मे संपेपर्यंत घड्याळातला वेग बघायचाच नाही, पाढा बघायचा. पहाटे पावणेपाचला सुरुवात, सहाला घरी. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी सोबत. मला बीपी, म्हणून मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवलं. कोचनंच विचारून या म्हणून पाठवलं. हे मला फार आवडलं.

ड्युटीचं त्यांनी असं बसवलं. आठवड्यात कठीण दिवस दोनच, पण वार ठरलेले नाहीत. मी ड्युटीवरून साइन ऑफ झालो की व्हॉट्सॲपवर तीन गोष्टी टाकतो: किती वाजता सुटलो, किती तास झोपलो, पाय कसे आहेत. मग ते सांगतात, आज सोपे सहा किंवा आज काहीच नाही. रात्रपाळीनंतर आधी झोप, कठीण सराव कधीच नाही. आणि ड्युटीच्या आधी थकवणारं पळणं नाही, कारण मागे ५८ डबे घेऊन निघालेल्या माणसाला पेंग येऊन चालत नाही. नर्स, एसटीचे ड्रायव्हर, दीपनगरच्या वीज केंद्रात पाळीत काम करणारे, सगळ्यांना हेच लागू. कोचनं तुमची ड्युटी पहिल्याच दिवशी विचारली नाही, तर त्याला तुमचं वेळापत्रक करता येणार नाही.

खाण्याचंही तसंच. लांब पल्ल्याच्या आदल्या रात्री शेवभाजी खाऊन मी एकदा जी शिक्षा भोगली ती लिहिण्यासारखी नाही. आता मुगाची खिचडी, आणि पहाटे निघताना एक केळ. केळीला आपल्याकडे तोटा नाही. हिवाळ्यात शेतावर भरीत पार्ट्यांची आमंत्रणं येतात, तेव्हा सरच म्हणतात, जा, खा, दुसऱ्या दिवशी सुट्टी. आखाजीलाही तसंच. सण बुडवायला लावणारा कोच इथे फार दिवस टिकायचाही नाही.

शोधताना

मेडल बघू नका. माणूस स्वतः किती वेगात पळायचा यावरून तो दुसऱ्याला शिकवू शकतो की नाही हे कळत नाही. त्याचे जुने शिष्य बघा, त्यातही दोन-तीन वर्षं टिकलेले. त्यांना एकच विचारा: मागच्या वर्षात दुखापतीनं किती दिवस घरी बसलात? पटियालाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे एनआयएसचा डिप्लोमा किंवा वर्ल्ड ॲथलेटिक्सचा लेव्हल कोर्स असेल तर उत्तम. नसेल तर लगेच नाही म्हणू नका, पण मग जुन्या शिष्यांची चौकशी जास्त करा.

भेटल्यावर कोचला हा प्रश्न टाका: "मी एक आठवडा पळूच शकलो नाही, तर पुढच्या आठवड्यात काय कराल?" बुडालेलं भरून काढू म्हणाला, तर नमस्कार करून निघा. बुडालेलं बुडालं, जिथे होतो त्याच्या थोडं मागून सुरू करायचं, हे खरं उत्तर.

आणि तो तुम्हाला काय विचारतो ते ऐका. आमच्या सरांनी पहिल्या भेटीत पाऊण तास नुसते प्रश्न विचारले. गोळ्या कोणत्या, आधी काय दुखलं, घरात कोणाला हृदयाचा त्रास, झोप, ड्युटी, बूट किती जुने. चाळिशी ओलांडलेली आणि बीपी, म्हणून ईसीजी आणि डॉक्टरांची परवानगी आणल्याशिवाय वेगाचा सराव दिला नाही. सगळ्यांना एकच कागद झेरॉक्स करून देणारा, पावडरीचे डबे विकणारा, अमुक महिन्यात अमुक टायमिंगची गॅरंटी देणारा, आणि "दुखतंय तरी पळ, मोडेल तेव्हा बघू" म्हणणारा, यांच्यापासून लांब. शेवटचा तर घातकच. नडगीच्या आतल्या कडेला लांबवर दुखत असेल तर बहुधा आरामानं आणि पळणं कमी करून भागतं. पण एका बोटानं दाखवता येईल एवढ्याच जागी हाड दुखत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. तिथे कोचचं काम एकच, पळणं थांबवून डॉक्टरकडे पाठवणं.

फी मी महिन्याला १,२०० देतो. पहिला महिना ठरवून ट्रायल घ्या, वर्षाचे पैसे एकदम भरू नका. ऑनलाइनवाल्याकडे मी सहा महिन्यांचे भरून बसलो होतो.

भरतीच्या पोरा-पोरींना

हे वेगळं लिहितो, कारण आपल्या जिल्ह्यांत रस्त्यावर पहाटे पळणाऱ्यांत हीच जास्त. पोलिस भरतीला मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८००. मुलांना पूर्ण २० गुणांसाठी ५ मिनिटं १० सेकंद. ४०० मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या, फेरीला साडेसत्त्याहत्तर सेकंद. पोरं पहिली फेरी सत्तरात मारतात आणि चौथीला नव्वदवर येतात. सर २०० मीटरच्या खुणेवर उभे राहून ओरडतात, "एकोणचाळीस! हात आखडता घे!" महिनाभर असं ओरडल्यावर पोराच्या पायाला साडेसत्त्याहत्तर कळायला लागतात. हे ॲपला जमत नाही.

एका भरतीच्या क्लासला माझा पुतण्या जायचा. रोज सोळाशे, रोज पूर्ण ताकदीनं, आणि मागे राहील त्याला उठाबशा. तीन महिन्यांत टायमिंग पाच सेकंद वाढलं. पाच सेकंद जास्त लागायला लागले, म्हणजे! सरांकडे आल्यावर आठवड्याला पाच दिवस सोपं, एक दिवस ४०० चे तुकडे, मधे पुरेशी विश्रांती. १६०० मीटरलाही बहुतेक ताकद ऑक्सिजनवर चालणाऱ्या यंत्रणेतूनच येते, ती रोज फुंकून वाढत नाही. पुतण्या आता ५:१४ वर आहे.

पुतणीही येते, ८०० साठी. मुलींच्या पालकांना एक सांगतो. पाळी दोन-तीन महिने चुकली तर "पळण्यानं होतं तसं" म्हणून सोडू नका. बरेचदा ते पोटात कमी जातंय याचं लक्षण असतं, आणि त्याचा फटका हाडांना बसतो. डॉक्टरला दाखवा. मुलीला हे कोचला सांगता आलं पाहिजे. आमच्याकडे सरांच्या पत्नी ग्राउंडवर असतात, मुली त्यांना सांगतात. अशी सोय नसेल तर आईनं कोचशी बोलावं, यात लाजण्यासारखं काही नाही.

कोच आपल्याला न दिसणारं बघतो, याचं सरांचं आवडतं उदाहरण अविनाश साबळे. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, सैन्यात गेलेला. क्रॉसकंट्री पळायचा. सैन्याचे कोच अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या ३००० मीटरच्या शर्यतीकडे वळवलं. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुलमध्ये त्यानं ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य घेतलं. पोरं विचारतात, सर, आमच्यात काय दिसतं? सर म्हणतात, आधी वेळेवर या.

कोच लावल्यावर

खोटं बोलू नका. एवढंच खरं तर महत्त्वाचं. पळालो नाही तर पळालो नाही लिहा, दुखतंय तर दुखतंय. मी सुरुवातीला गुडघ्याचं लपवलं, सरांना वाटलं सगळं ठीक, त्यांनी अंतर वाढवलं. चूक माझी. दुसरं, दोन कोच एकदम करू नका. सरांचा सोपा दिवस आणि यूट्यूबवरचा इंटरव्हल, म्हणजे वेगाचे तुकडे, असं मिसळलं की दोन्ही बाद. आणि तीन महिने टायमिंग विचारू नका. मी दर रविवारी विचारायचो, सर दर रविवारी चहा पाजायचे.

गावात कोच नसेल तर महिन्यातून एकदा जळगाव, धुळे, जिथे असेल तिथे जाऊन चाल दाखवून या, बाकी फोनवर चालतं. मागून आणि बाजूनं तीस-तीस सेकंदांचं शूटिंग पाठवायचं, पायात नेहमीचेच बूट, आणि कॅमेरा बघून छाती फुगवायची नाही.

यंदा डिसेंबरात हाफ २ तास १२ मिनिटांत झाली. मागच्या पीएमईला बीपी १३२/८४, अर्धी गोळी अजून चालू आहे. बाबा हल्ली मला बघून व्हॉल्व्ह सोडून घड्याळ दाखवतात, म्हणजे आज उशीर झाला. उद्या पहाटेचा कॉल आला नाही तर पुलापलीकडे सोपे आठ किलोमीटर आहेत. सतराचा पाढा आता अर्ध्या झोपेतही होतो, म्हणून सरांनी एकोणतिसाचा दिलाय.